बाळ सात महिन्यांचं, हातात चित्रपुस्तक: वेळ कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहणाऱ्या, घरून काम करणाऱ्या एका चित्रकार आईचं बाळ सात महिन्यांचं आहे. एका प्रकाशकाकडून २४ पानांच्या रंगीत चित्रपुस्तकाचं काम आलंय. सुरुवात जुलैत, मुदत चार महिने. शिवाय दोन-तीन दिवाळी अंकांचे फोन येऊन गेलेत. नवरा नोकरीत आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. आई नाशिकला, सासूबाई साताऱ्याला. दोघी येऊ शकतात, पण पंधरा-पंधरा दिवसांसाठीच. काम घ्यावं का, आणि घेतलं तर बसवायचं कसं?

घ्या. फक्त चार महिन्यांची मुदत कबूल करू नका, पाच मागा. आणि हो म्हणायच्या आधी आठवड्यातले बारा तास सलग मिळतील अशी सोय करून मगच हो म्हणा. ती सोय होत नसेल तर हे पुस्तक सोडून द्या आणि सुटी कामं घ्या. ‘बाळ झोपलं की करेन’ या भरवशावर आख्खं पुस्तक घेणं मात्र कुणालाच झेपत नाही. असं घेतलेलं काम तिसऱ्या महिन्यात अडकतं, प्रकाशकाचे फोन टाळावे लागतात, आणि ज्या कामासाठी एवढा जीव टाकला त्याच कामाची धास्ती वाटायला लागते.

याचं कारण वेळ कमी असणं हे अर्धंच आहे. लहान बाळ असलेल्या घरात वेळ दोन जातींचा असतो. एक सलग, म्हणजे तीन-चार तास कुणीही हाक मारणार नाही असा. दुसरा सुटा, म्हणजे बाळ झोपलंय पण कधी उठेल सांगता येत नाही असा. चित्रकाराचं कामही तसंच दोन जातींचं असतं. पानाची रचना ठरवणं, पात्राचा चेहरा सापडणं, कच्चं रेखाटन, उजेड-सावली हे सुट्या वेळात होत नाही, कारण डोकं त्या पानात शिरायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात. उलट ठरलेले सपाट रंग भरणं, स्कॅन स्वच्छ करणं, फाइलींना नावं देणं, मेलला उत्तर, बिल बनवणं ही कामं अर्ध्यावर सोडून उठलं तरी काही बिघडत नाही. बहुतेक जणी सलग वेळ मिळाला की आधी मेल आणि बिलं ‘उरकून घेतात’ आणि झोपेच्या पाऊण तासात कच्चं रेखाटन करायला बसतात. दोन्हीकडे नुकसान होतं. बाळ वाढवताना जी चिडचिड होते, तिचा मोठा भाग या उलट्या वाटणीतून येतो असं माझं ठाम मत आहे.

आता या पुस्तकाचे तास मांडू. २४ पानांत शीर्षकपान आणि शेवटचं पान वेगळं काढलं तर ११ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांच्या जोड्या, उरतात, वर मुखपृष्ठ. पूर्ण पुस्तकाची छोटी आराखडाचित्रं, म्हणजे थंबनेल्स: ८ तास. पात्रांचा तक्ता: १० तास. कच्चं रेखाटन जोडपानाला ३ तास, म्हणजे ३३. पक्की रेघ २ तास, म्हणजे २२. रंग ५ तास, म्हणजे ५५. मुखपृष्ठ १४. दुरुस्त्या १६. पत्रव्यवहार, फाइली, छपाईची तयारी १२. एकूण १७० तास. तुमचा हात याहून जलद किंवा सावकाश असेल, तर मागच्या एखाद्या पुस्तकावरून हे आकडे बदलून घ्या, पण प्रत्येक टप्प्याचा वेगळा आकडा लिहाच. नुसतं ‘साधारण तीन महिने’ म्हणू नका.

या १७० पैकी सुट्या वेळात बसणारे तास किती? सपाट रंग, म्हणजे रंगातल्या पाचपैकी दोन तास: एकूण २२. पत्रव्यवहार आणि फाइली १२. बारीकसारीक दुरुस्त्या ६. झाले ४०. उरलेले १३० तास सलगच हवेत. आठवड्याला १२ सलग तास धरले तर ११ आठवडे. सुटे ४० तास आठवड्याला चार या दराने त्याच काळात निघून जातात.

पण ११ आठवडे हा कागदावरचा हिशोब. बाळ, बाळाला सांभाळायला ठेवलेल्या मावशी, नवरा किंवा तुम्ही स्वतः, कुणीतरी आजारी पडून साधारण दर चौथा आठवडा वाया जातो असं धरून चला. पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या बाळाला वर्षाला आठ-दहा वेळा सर्दी-ताप होणं अगदी नेहमीचं आहे, आणि पावसाळ्यात तर हमखास. म्हणजे ११ चे १५ झाले. गणपतीचा एक आठवडा आणि दिवाळीचा एक, मिळून १७. प्रकाशक कच्ची रेखाटनं आणि नंतर रंग पाहायला वेळ घेणार, त्याचे तीन आठवडे. वीस आठवडे झाले. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून मोजले तर नोव्हेंबरचा मध्य येतो. म्हणून नोव्हेंबरअखेर सांगा, आणि मधले दहा-बारा दिवस कुणालाही न सांगता हातात ठेवा.

बारा तास आणायचे कुठून? चार-चार तासांची तीन सत्रं करा. सहा सत्रं दोन-दोन तासांची केलीत तर बेरीज तीच दिसते, पण प्रत्येक वेळी डोकं त्या पानात शिरण्यात वीस मिनिटं जात असल्याने आठवड्याचा एक तास नुसता गळतो.

नवऱ्याचे घरून कामाचे दोन दिवस यात धरू नका. घरी असलेला माणूस आणि मोकळा माणूस यांत फार फरक आहे. मीटिंगमध्ये म्यूटवर बसून एका हाताने बाळ धरणं चार तास चालत नाही, आणि त्या धडपडीत दोघांचंही काम बिघडतं. त्या दिवसांचा उपयोग एवढाच की मावशी घरात नव्या असताना घरचं कुणीतरी नजरेच्या टप्प्यात असतं. त्यामुळे मावशींची दोन सत्रं नेमकी त्याच दोन दिवशी सकाळी नऊ ते एक ठेवा. तिसरं सत्र शनिवारी, संपूर्ण नवऱ्याच्या जबाबदारीवर. संपूर्ण म्हणजे खाऊ घालणं, लंगोट बदलणं, झोपवणं, रडलं तर समजूत काढणं सगळं. ‘नाचणीचं सत्त्व किती घालू?’ असा फोन सत्राच्या मध्ये येता कामा नये. त्यासाठी पहिल्या दोन शनिवारी तुम्ही घरातच थांबून त्यांना सगळं एकट्याने करू द्या, मध्ये पडू नका. बाळाला झोपवण्याची त्यांची पद्धत तुमच्यापेक्षा वेगळी असेल. असू द्या.

मावशी नव्याने ठेवत असाल तर काम सुरू व्हायच्या किमान तीन आठवडे आधी ठेवा. बाळ सात महिन्यांचं आहे, आणि आठ ते दहा महिन्यांच्या आसपास बाळं आईला घट्ट चिकटतात, अनोळखी माणसाकडे जायला रडतात. त्याआधी ओळख पक्की झाली तर निभतं. ऑगस्टमध्ये नवा चेहरा आणलात तर महिना त्यातच जाईल.

सत्राच्या वेळी तुम्ही घरात नसलेलं उत्तम. दार लावून आतल्या खोलीत बसलं तरी बाळाला आवाज कळतो, वास कळतो, आणि रडण्याचा आवाज भिंतीपलीकडून आला की आईचा हात थांबतोच. पुण्यात याला एक सोपा पर्याय आहे: अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी पेठांत आणि आता उपनगरांतही गल्लोगल्ली त्या झाल्या आहेत. महिन्याच्या भाड्यात टेबल, दिवा, चार्जिंगची सोय आणि कडक शांतता मिळते. टॅब्लेटवर किंवा पेन्सिलीने काम करणाऱ्याला याहून काही लागत नाही. घरापासून दहा मिनिटांत परत येता येईल अशी निवडा. म्हणजे बाळाला अंगावर पाजून निघता येतं आणि एक वाजता परत येऊन पुन्हा पाजता येतं. मधल्या वेळी एकदा वरचं खाणं, मुगाची पातळ खिचडी किंवा पेज चालते. दूध काढून ठेवायचं असेल तर खोलीचं तापमान २५ अंशांपर्यंत असताना चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस चालतं. पुण्यात उन्हाळ्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात बाहेर ठेवूच नका, थेट फ्रीजमध्ये. पाजून उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं. धुवायला सोपं आणि बाळ अंगावर प्यायचं सोडत नाही.

आई आणि सासूबाईंचे पंधरा-पंधरा दिवस हे या पूर्ण योजनेतलं सर्वांत मोलाचं धन आहे. नेहमीची चूक अशी होते की काम सुरू झालं की त्यांना पहिल्याच आठवड्यात बोलावलं जातं, आणि ते दिवस थंबनेल्स, फोन, सामान आणणं यात जातात. त्यांतले पहिले पंधरा दिवस कच्च्या रेखाटनासाठी राखून ठेवा, कारण ३३ तासांची ती एकच सलग ओढ आहे आणि तीच पुस्तकाचं भवितव्य ठरवते. दुसरे पंधरा दिवस ऑक्टोबरात, रंग संपवण्याच्या वेळी. मधल्या गणपतीत दोघींपैकी कुणी आल्याच तर तो सण म्हणून आनंदाने घ्या, त्यात काम मोजू नका. आणि त्यांना तारखा आत्ताच कळवा. त्यांनाही त्यांचं घर, औषधं, गावाकडची कामं असतात. ‘आई, या दोन आठवड्यांत तू असलीस तर माझं पुस्तक होईल’ असं स्पष्ट सांगितलेलं त्यांना आवडतं, ऐन वेळी धावून यायला सांगितलेलं नाही.

बाळाच्या झोपेतून मिळणारा सुटा वेळ किती धरायचा? या वयात दिवसा दोन ते तीन झोपा असतात, कधी अर्ध्या तासाची, कधी दीड तासाची. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान तिसरी झोप सुटते, म्हणजे तुमच्या पुस्तकाच्या ऐन मध्यावर वेळापत्रक बदलणार. म्हणून दिवसातली एकच झोप कामाची धरा, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण-पाऊण तास. तेवढ्यात आठवड्याचे जवळजवळ चार तास होतात. बाकीच्या झोपेत तुम्हीही आडव्या व्हा. रात्री दहा ते एक काम करण्याची सवय लावून घेऊ नका. बाळ रात्री दोनदा उठत असताना ही झोप परत मिळत नाही, आणि पिवळ्या दिव्याखाली थकल्या डोळ्यांनी ठरवलेले रंग सकाळी जवळजवळ नेहमीच बदलावे लागतात. रात्री हात शिवशिवतच असतील तर अकरापर्यंत सपाट रंग भरा, नवा रंग ठरवू नका.

सुट्या वेळात काम खरोखर व्हायचं असेल तर त्यात एकही निर्णय शिल्लक राहता कामा नये. याची तयारी सलग सत्रात करायची. पात्रांच्या तक्त्यात प्रत्येक पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून, बसलेलं आणि धावतानाचं हवं. दाराच्या किंवा टेबलाच्या उंचीशी प्रमाण दाखवलेलं हवं. शेजारी बारा ते पंधरा रंगांची पट्टी, प्रत्येकाला क्रमांक: फ्रॉक ४, केस २, भिंत सकाळची ९, भिंत संध्याकाळची ११. मग झोपेच्या पाऊण तासात फक्त क्रमांक बघून रंग ओतायचा. पाच महिने चालणाऱ्या पुस्तकात हा तक्ता नसेल तर नायिकेचा चेहरा पान ४ आणि पान २० वर वेगळा दिसतो, रेघेची जाडी सरकत जाते. मुलांच्या नजरेतून हे सुटत नाही, संपादकाच्या तर नाहीच.

त्याच कारणासाठी टप्पे आडवे करा. आधी अकराही जोडपानांची कच्ची रेखाटनं, मग सगळ्यांची रेघ सलग दोन-अडीच आठवड्यांत, मग सगळ्यांचा रंग. एक पान पूर्ण रंगवून दुसऱ्याकडे जाण्याचा मोह फार होतो, कारण रंगलेलं पान बघून बरं वाटतं. पण संपादकाने रचना बदलायला सांगितली की ते पाच तास बुडतात. रंगवताना पहिल्या पानापासून सुरू करू नका. चौथ्या-पाचव्या जोडपानापासून सुरू करा, हात बसला की पहिलं आणि शेवटचं जोडपान घ्या. वाचक तीच पानं सर्वांत जास्त बघतो.

प्रत्येक सत्र संपताना शेवटची सात-आठ मिनिटं काम थांबवा आणि एका चिठ्ठीवर लिहा: कोणतं पान, कोणता लेयर, कोणता ब्रश, पुढची पहिली कृती काय. ‘जोडपान ६, आजीच्या लुगड्याचा काठ, रंग ७, डावीकडून सुरू.’ एखादी सोपी गोष्ट मुद्दाम अर्धी सोडा. चार दिवसांनी, मधे एक ताप आणि एक लसीकरण होऊन गेल्यावर परत बसाल, तेव्हा या चिठ्ठीमुळे वीस मिनिटांचं चाचपडणं पाच मिनिटांवर येतं.

माध्यमाचं काय? तुम्ही गॉशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, काम करत असाल तर स्पष्ट सांगते: पाणी, पॅलेट, कागद ताणणं यात पंधरा मिनिटं आणि आवरण्यात पंधरा मिनिटं जातात. पाऊण तासाच्या झोपेत हाती पंधराच राहतात. या पुस्तकापुरता मध्यम मार्ग घ्या. पेन्सिलीची किंवा शाईची रेघ हाताने काढा, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, रंग टॅब्लेटवर भरा. हाताची रेघ टिकते आणि रंग तुकड्यांत भरता येतो. अंतिम फाइल छपाईच्या मूळ आकारात ३०० डीपीआय, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे छापून झाल्यावर कापली जाणारी जादा कडा, आणि चेहरे किंवा महत्त्वाचा तपशील मधल्या शिवणीपासून किमान १० मिमी दूर. या चौकटीचा एक कोरा साचा पहिल्याच दिवशी करून ठेवा. रंग हातानेच हवे असतील तर गॉश किंवा जलरंग घ्या, कारण ते वाळले तरी पॅलेटवर पुन्हा ओले होतात. ॲक्रिलिक अर्ध्यावर सोडून उठलात की ब्रशसकट फुकट जातं. तैलरंग आणि टर्पेंटाइन रांगत्या बाळाच्या घरात नकोच.

जलरंगातही कॅडमियम आणि कोबाल्ट या अपायकारक धातूंचे खरे रंग या काळात बाजूला ठेवा. ट्यूबवर ‘ह्यू’ लिहिलेले पर्यायी रंग पुस्तकाच्या छपाईला पुरेसे आहेत. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय अनेकींना असते, ती आत्ता मोडा. फिक्सेटिव्हचा स्प्रे घरात मारू नका, गच्चीवर जा. पाजायच्या आधी साबणाने हात आणि नखांच्या कडा धुवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाळ रांगू लागेल आणि टेबलाला धरून उभं राहायला बघेल. तेव्हा टेबलाच्या कडेपासून हाताच्या अंतरात काही नको, लोंबणारी वायर तर अजिबात नको. कटरची पाती झाकणाच्या डबीत, ती वरच्या फळीवर. बटण सेल आणि छोटी ताकदवान चुंबकं घरातून शोधून काढा. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, आणि दोन चुंबकं गिळली तर आतडं चिमटलं जातं. अशी शंका जरी आली तरी वाट न बघता सरळ मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

आता मनगट. चित्रकार आईसाठी हा विषय वेळापत्रकाइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. बाळाला काखेत दोन्ही हात घालून, अंगठे ताणून, दिवसातून कितीतरी वेळा उचललं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या त्या बाजूला दुखायला लागतं. अंगठा हलवणाऱ्या स्नायुबंधांचं आवरण सुजतं. त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ते खूप आढळतं. त्याच हाताने तीन तास स्टायलस धरला की दुखणं मुरतं. ओळखण्याची खूण: अंगठा मुठीत घ्या आणि मूठ करंगळीच्या दिशेने खाली झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली तर दुर्लक्ष करू नका.

उपाय आजपासून करता येतात. बाळाला उचलताना तळवे वरच्या बाजूला ठेवून, एक हात कुल्ल्यांखाली आणि एक पाठीखाली घालून, अंगठा बोटांना चिकटवून उचला. पाजताना बाळाचं डोकं मनगटावर न पेलता उशीवर टेकवा. स्टायलसला जाड पकड लावा, टॅब्लेट उतरता ठेवा, आणि रेघ मनगटातून न ओढता कोपरातून ओढा. सत्रात दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं हात मोकळा. दुखत असेल तर अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा मिळतो, तो रात्री आणि बाळ सांभाळताना लावा. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ‘बाळंतपणातलं दुखणं आहे, जाईल’ म्हणत सहा महिने काढले की पुढची दोन पुस्तकं जातात.

मनाकडेही असंच बघा. थकवा सगळ्यांनाच असतो. पण दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटतंय, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, चित्र काढायला मिळूनही काढावंसं वाटत नाही, बाळाविषयी किंवा स्वतःविषयी भलते विचार येतात, तर हा वेळापत्रकाचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते.

पैशांविषयी. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांपर्यंत पगारी रजा आहे, घरून काम घेणाऱ्या चित्रकाराला काहीच नाही. म्हणून लवकर कामाला लागण्याचा दबाव येतो आणि कमी पैशांत हो म्हटलं जातं. समजा ६०,००० रुपये मिळणार आहेत. १७० तासांनी भागलं तर तासाला साधारण साडेतीनशे. मावशींची सत्रं आठवड्याला आठ तास, सतरा आठवडे, म्हणजे १३६ तास. तासाला शंभर धरले तर १३,६००. अभ्यासिकेचं पाच महिन्यांचं भाडं वेगळं. हा खर्च तुमच्या मानधनातून वजा करून ‘मग उरतंय काय?’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बाळ दोघांचं आहे, त्याच्या सांभाळाचा खर्च घरखर्चात जातो. पण प्रकाशकाला आकडा सांगताना तो खर्च तुमच्या मनात असायलाच हवा.

करारात चार गोष्टी लिहून घ्या. ॲडव्हान्स ३० ते ४० टक्के, आणि तो जमा झाल्यावरच तारखांची मोजणी सुरू. कच्च्या रेखाटनावर दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, रंगावर एक. त्यापुढे तासाच्या दराने. प्रकाशकाने पाहायला दहा दिवसांहून जास्त घेतले तर तुमची मुदत तेवढी पुढे. चौथी हक्कांची, आणि ती बहुतेक जण विसरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक कलाकार. पण मोबदला देऊन कुणी चित्र करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर ती मालकी काम सांगणाऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून ‘चित्रांचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील, प्रकाशकाला मराठी छापील आवृत्तीसाठी इतक्या वर्षांची परवानगी’ असं एक वाक्य हवंच. हक्क कायमचे मागत असतील तर रक्कम वेगळी. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद, ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, ती करून घ्या. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत देणं बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की हिशोब विभाग हलतो.

दिवाळी अंक. एका कथाचित्राला सगळं धरून पाच-सहा तास लागतात, पण कथा उशिरा येते आणि चित्र आठ दिवसांत हवं असतं. ते आठ दिवस नेमके ऑगस्ट-सप्टेंबरचे, म्हणजे तुमच्या रेघेच्या टप्प्याचे आणि गणपतीचे. तरी सगळं नाकारू नका. संपादकांच्या यादीत नाव राहणं पुढच्या वर्षांसाठी गरजेचं आहे. या वर्षी दोन चित्रं घ्या, जास्तीत जास्त. अट एकच: कथा १५ ऑगस्टपर्यंत हातात. मुखपृष्ठ कुणी दिलं तरी या वर्षी नको. त्यात चर्चा आणि बदल इतके होतात की तीन सत्रं सहज जातात.

प्रकाशकाला मोठं स्पष्टीकरण देऊ नका. बाळाचा उल्लेख करायचा की नाही हे तुमच्या ओळखीवर आहे, पण मुदतवाढ बाळाच्या नावाने मागू नका, कामाच्या तासांच्या नावाने मागा. एवढं पुरे:

‘नमस्कार. संहिता वाचली, आवडली, काम करायला आनंद होईल. हाताची रेघ आणि डिजिटल रंग अशा पद्धतीने ११ जोडपानं आणि मुखपृष्ठ करायला मला ३० नोव्हेंबरपर्यंतचा वेळ लागेल. पात्रांचा तक्ता आणि थंबनेल्स जुलैअखेर, सर्व कच्ची रेखाटनं ऑगस्टअखेर, रेघ आणि दोन रंगीत नमुना जोडपानं सप्टेंबरअखेर पाठवेन. प्रत्येक टप्प्यावर आपला अभिप्राय दहा दिवसांत मिळावा. मानधन, ॲडव्हान्स आणि हक्कांविषयी मसुदा सोबत जोडला आहे.’

यावर ‘ऑक्टोबरअखेरच हवं’ असं उत्तर आलं तर तास कापू नका, पानं कापा. ११ पैकी तीन-चार जोडपानांवर पूर्ण चित्राऐवजी पांढऱ्या पार्श्वभूमीवर फक्त पात्रं घेता येतील का, ते विचारा. अशा जोडपानाला कच्चं, रेघ आणि रंग मिळून दहाऐवजी पाच तास पुरतात, म्हणजे चार जोडपानांत वीस तास वाचतात. त्याबरोबर अभिप्राय प्रत्येक वेळी चार दिवसांत मागा आणि हातातले दहा-बारा दिवस सोडून द्या, तर ऑक्टोबरअखेर गाठता येते. गोष्टीच्या गतीलाही पांढरी पानं बऱ्याचदा मानवतात. तेही मान्य नसेल तर हे पुस्तक जाऊ द्या, आणि त्यांना लिहा की जानेवारीत सुरू होणाऱ्या पुढच्या पुस्तकासाठी तुम्ही मोकळ्या आहात. तोवर बाळ वर्षाचं झालेलं असेल, आणि मावशींकडे हसत जात असेल.